तो गुडघा का टेकला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमएससाठी अटलांटाला आल्यावर खोलीवरच्या मित्रांनी तुम्हाला ७ ऑक्टोबर २०२३ च्या मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक या कॉलेज संघांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा शेवट दाखवला आणि त्यावरून दोन तट पडले. एकाचं म्हणणं, कोचनं जिंकलेला सामना घालवला. दुसऱ्याचं म्हणणं, चेंडू खेळाडूच्या हातून सुटला, त्याला कोच काय करणार? तुम्ही स्वतः सांगलीकडे कबड्डी खेळलेले. तुम्हाला वाटतं, निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, बैल गेला नि झोपा केला. मग अशा वादात बरोबर कोण, हे ठरवायचं कसं?

मी इथल्याच एका उपनगरात हायस्कुलात गणित शिकवतो आणि सोळा वर्षं शाळेच्या फुटबॉल संघाचा सहायक कोच आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं शुक्रवारी रात्री माझ्याकडे एकच काम असतं: घड्याळ. कॉलेजचा खेळ आमच्यापेक्षा कितीतरी मोठा, पण घड्याळाचं गणित तेच. म्हणून या प्रश्नावर सविस्तर लिहितोय.

आधी काय घडलं ते, म्हणजे पुढचं बोलणं नीट कळेल. मायामीचा संघ चारपैकी चार सामने जिंकून आलेला, स्वतःच्या मैदानावर २०-१७ नं पुढे, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), दहा यार्ड हवेत. घड्याळात चाळीसपेक्षा कमी सेकंद. जॉर्जिया टेककडे एकही टाइमआउट शिल्लक नाही. मायामीनं धावण्याचा प्ले दिला. धावपटूच्या हातून चेंडू सुटला आणि टेकनं तो स्वतःच्या २६ यार्डांच्या रेषेजवळ ताब्यात घेतला. तेव्हा २६ सेकंद उरले होते. टेकचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू, हेन्स किंग यानं एक पास ३० यार्डांचा टाकला आणि शेवटी ४४ यार्डांचा, ख्रिश्चन लीरीला. घड्याळात जेमतेम एखादा सेकंद राहिला असताना टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे सहा गुण) झाला. टेक २३, मायामी २०. कोच मारियो क्रिस्तोबाल यांनी सामन्यानंतर सरळ मान्य केलं की गुडघा टेकायला हवा होता.

तुमच्या खोलीवरच्या वादात तीन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. निर्णय बरोबर होता का? तो नीट पार पडला का? आणि नशिबानं काय केलं? चाहत्यांना दिसतो फक्त शेवट, आणि शेवट वाईट झाला की तिन्हींची शिक्षा एकाच माणसाला होते. तुमची शंका रास्त आहे ती इथे. प्रत्येक फसलेला प्ले चुकीचा नसतो. पण त्यावरून ‘म्हणजे कुठलाच प्ले चुकीचा ठरवता येत नाही’ असं म्हणाल, तर मी नाही म्हणेन.

मी शनिवारी सकाळी फिल्म बघताना एक करतो. स्नॅपच्या आधी, म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी, चित्र थांबवतो आणि पुढचं काही माहीतच नाही असं धरून विचारतो: या क्षणी जे कळू शकत होतं त्यावरून काय करायला हवं होतं? आणि मग उलटं: हाच प्ले जमला असता तरी मी वहीत लाल खूण केली असती का? मायामीच्या बाबतीत माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. धावपटूनं चेंडू घट्ट धरला असता, वर बारा यार्ड काढले असते आणि मैदानभर जल्लोष झाला असता, तरीही तो निर्णय चूकच होता. चेंडू सुटला म्हणून तो चूक ठरला नाही. तो आधीपासून चूक होता, चेंडू सुटला तेव्हा बाकीच्यांना दिसला इतकंच.

हे इतक्या खात्रीनं का म्हणतो, त्यासाठी गुडघ्याचं गणित बघावं लागेल.

क्वार्टरबॅकनं चेंडू घेऊन गुडघा टेकला की प्ले तिथेच संपतो. दोन सेकंदांचं काम. यार्ड-दोन यार्ड मागे जावं लागतं, पण मैदानाच्या आत प्ले संपल्यामुळे सामन्याचं घड्याळ चालूच राहतं आणि पुढचा स्नॅप घ्यायला संघाला चाळीस सेकंद मिळतात. ते पूर्ण वापरायला कुणी मनाई करू शकत नाही. समोरच्यानं टाइमआउट घेतला तरच घड्याळ थांबतं. म्हणजे टाइमआउट शून्य असतील, तर प्रत्येक गुडघा तुम्हाला साधारण चाळीस सेकंद देतो.

माझ्या गळ्यात पोस्टकार्डाएवढं लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. पावसात भिजून त्याचा खालचा कोपरा सुटलाय, तिथे मी चिकटपट्टी लावलीय. वर आडवे समोरच्या संघाचे उरलेले टाइमआउट लिहिलेत: शून्य, एक, दोन, तीन. डावीकडे उभे डाउन: पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक चौकटीत एकच आकडा, म्हणजे घड्याळ त्या आकड्यापर्यंत आलं की डोकं चालवायचं नाही, गुडघा टेकायचा. शून्य टाइमआउटच्या खाली १२०, ८०, ४० असे आकडे आहेत. एका टाइमआउटच्या खाली ८०, मग ४०, आणि तिसऱ्या डाउनला नुसती रेघ, कारण तिथे गुडघ्यानं सामना संपत नाही. समोरचा टाइमआउट घेतो आणि तुम्हाला चौथ्या डाउनला चेंडू लाथाडून द्यावा लागतो.

आता मायामीची चौकट शोधा. टाइमआउट शून्य, डाउन तिसरा, आकडा ४०. घड्याळ त्याच्या खाली. एक गुडघा, आणि चौथ्या डाउनचा स्नॅप घ्यायची वेळच येत नव्हती.

तुम्ही कबड्डी खेळला आहात, तर शेवटची चढाई आठवा. संघ एका गुणानं पुढे आहे, ही चढाई संपली की सामना संपणार. तुमचा चढाईपटू काय करेल? निदानरेषा ओलांडून परत येईल. कोपरारक्षक पाय पुढे करून खुणावत असला तरी त्याच्या वाटेला जाणार नाही. गुण आणला तर टाळ्या मिळतील, पण त्या गुणाची गरजच नाही. त्या क्षणी पकडीत सापडण्याची अगदी थोडी शक्यतासुद्धा उगाच विकत घेतलेला धोका आहे. मायामीच्या धावण्याचं तेच झालं. त्यातून मिळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सहसा निर्णय घेताना आपण धोका आणि लाभ तराजूत टाकतो. इथे लाभाचं पारडं रिकामं होतं, म्हणून तर मी इतका ठाम आहे.

आणि हा धडा नवा नाही. १९ नोव्हेंबर १९७८ ला व्यावसायिक फुटबॉलमध्ये न्यू यॉर्क जायंट्स १७-१२ नं पुढे होते, घड्याळात अर्धं मिनिट, आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडे टाइमआउट नव्हता. जायंट्सचा क्वार्टरबॅक जो पिसार्चिक चेंडू लॅरी झोंकाच्या हाती द्यायला वळला. दोघांच्या मधे चेंडू सुटला, उसळला, आणि हर्म एडवर्ड्सनं तो उचलून २६ यार्ड पळत टचडाउन केला. ईगल्स १९-१७ नं जिंकले. दुसऱ्याच दिवशी जायंट्सच्या आक्रमणाचे कोच बॉब गिब्सन यांची नोकरी गेली. आज तुम्ही सामन्याच्या शेवटी जी रचना बघता, क्वार्टरबॅकच्या दोन्ही बाजूंना चिकटून खेळाडू आणि मागे लांबवर एकटा उभा असलेला एक जण, ती या सामन्यानंतर सगळीकडे रुळली. तो मागचा खेळाडू कशासाठी असतो? स्नॅप निसटलाच आणि कुणी चेंडू घेऊन पळालंच, तर त्याला गाठायला.

मग ४५ वर्षांनी, एवढा मोठा पगार घेणारे कोच ही चूक करतात कशी? तुमच्या मित्रांपैकी एक म्हणाला ‘मूर्खपणा’. मला तो शब्द पटत नाही. तिथे उभं राहिल्यावर वेगळं दिसतं. आघाडी राखताना संघ एका लयीत असतो: धाव, दोन्ही हातांनी चेंडू धर, आत पड, घड्याळ चालू दे. कोचच्या डोक्यात ‘आणखी एक फर्स्ट डाउन (दहा यार्ड पूर्ण केल्यावर मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाला की संपलं’ हे पक्कं बसलेलं असतं, आणि ते खरंही असतं. फक्त त्या लयीतून बाहेर येऊन ‘थांबा, आता फर्स्ट डाउनचीही गरज नाही’ हे म्हणायला कुणीतरी लागतं. २०२३ मध्ये कॉलेजच्या खेळात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओही नव्हता, वरच्या पातळीवर तो २०२४ च्या मोसमात आला. तोवर सगळं साइडलाइनवरून हातवारे आणि फलक दाखवून चालायचं. स्टेडियम गरजतंय, हेडसेटमध्ये चार माणसं एकदम बोलतायत, पुढच्या प्लेची खूण आधीच गेलीय. अशा वेळी सवय जिंकते. मायामीच्या साइडलाइनवर त्या क्षणी हेच झालं असेल असा माझा दावा नाही. पण अशा गडबडीत मी उभा राहिलोय.

तीन मोसमांपूर्वीची गोष्ट. आम्ही चार गुणांनी पुढे, तिसरा डाउन, ३८ सेकंद. स्कोअरबोर्डवर समोरच्या संघाचा एक टाइमआउट दिसत होता. मी कार्ड पाहिलं, रेघ दिसली, हेडसेटवर सांगितलं: गुडघा नको, धावा. आमच्या मुलानं नऊ यार्ड काढले, फर्स्ट डाउन झाला, बँड वाजायला लागला, सामना आमचा. शनिवारी सकाळी मुख्य कोचनं फिल्म तिथेच थांबवली. समोरच्या संघाचा शेवटचा टाइमआउट त्याच्या दोन मिनिटं आधीच संपला होता, बोर्डवरचा दिवा विझवायचा राहिला होता. माझ्या मनगटावरच्या पट्टीवर मी स्वतःच्या हातानं तिन्ही टाइमआउट खोडले होते आणि तरी बोर्डवर विश्वास ठेवला. खोलीत सगळ्यांसमोर त्या प्लेपुढे लाल खूण झाली, माझ्या नावानं. मागे बसलेला एक मुलगा हळूच म्हणाला, “पण कोच, आपण तर जिंकलो.” मुख्य कोच म्हणाले, “हो. आणि चूकही केली.”

त्या दिवसापासून शेवटच्या पाच मिनिटांत मी प्रत्येक टाइमआउटनंतर पंचांना मोठ्यानं विचारून खात्री करतो. आणि ‘त्या क्षणी काय माहीत होतं’ एवढंच विचारून भागत नाही, ‘काय माहीत करून घेता आलं असतं’ हेही विचारावं लागतं, हे त्या दिवशी मला पक्कं कळलं.

आता दुसरी बाजू, कारण सगळीच प्रकरणं इतकी स्वच्छ नसतात. समोरच्याकडे दोन टाइमआउट असते, किंवा हाच दुसरा डाउन नव्वद सेकंदांवर असता, तर धावणं हेच योग्य ठरलं असतं आणि चेंडू सुटला असता तरी मी कोचच्या बाजूनं उभा राहिलो असतो. चाहत्यांना सगळ्यात जास्त खुपलेला एक प्ले मला आजही समर्थनीय वाटतो. कॉलेजचा नाही, व्यावसायिक खेळातला आहे, पण वाद तोच. १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. सिएटल २४-२८ नं मागे, दुसरा डाउन, टचडाउनला एक यार्ड, २६ सेकंद, एकच टाइमआउट. संघात मार्शॉन लिंचसारखा धावपटू, तरी पास टाकला आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरनं तो मधेच झेलून सामना संपवला. इतिहासातला सगळ्यात वाईट प्ले म्हणून त्याची आजही चर्चा होते.

पण चित्र स्नॅपच्या आधी थांबवा. तीन प्रयत्न हवेत, वेळ २६ सेकंद, टाइमआउट एक. तिन्ही वेळा धावायचं म्हटलं तर पहिल्या धावेनंतर टाइमआउट जातो आणि दुसरीनंतर घड्याळ पळत सुटतं. एक पास टाकला आणि तो जमिनीवर पडला, तर घड्याळ आपोआप थांबतं आणि टाइमआउट हातात राहून दोन धावा मिळतात. त्या मोसमात एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर प्रतिस्पर्ध्यानं मधेच झेललेला नव्हता. बटलरला सरावात याच रचनेनं चकवलं होतं, म्हणून या वेळी तो आधीच झेपावला. चेंडू जरा खाली, अंगाजवळ टाकायला हवा होता असं मी म्हणेन. लिंचला द्यायला हवा होता असं तुम्ही म्हणालात तर तेही ऐकून घेईन, दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. मायामीत तसं नव्हतं. चाहत्यांचा संताप मात्र दोन्हीकडे सारखाच, आणि म्हणूनच संतापावरून चुकीचं माप काढता येत नाही.

आणखी एक जात असते, जिथे गणित मदतच करत नाही. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल हा कॉलेज मोसमाच्या शेवटी होणारा सामना, समोर हीच मायामी. नेब्रास्का त्या मोसमात अपराजित, क्रमांक एक. ४८ सेकंद असताना त्यांनी टचडाउन केला, ३०-३१. टचडाउननंतर मिळणारी एका गुणाची किक मारली असती तर बरोबरी झाली असती. तेव्हा कॉलेजच्या खेळात जादा वेळ नव्हता, आणि बरोबरीतही राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा त्यांच्याकडेच आलं असतं. नेब्रास्काचे कोच टॉम ऑस्बोर्न यांनी किकऐवजी दोन गुणांसाठी पास टाकायला सांगितलं. क्वार्टरबॅक टर्नर गिलचा पास मायामीच्या केन कॅल्हूननं बोटांनी वळवला आणि सामना, अजिंक्यपद, दोन्ही गेलं. निर्णय चूक? फक्त अजिंक्यपद हवं असेल तर हो. पण सामना जिंकूनच अजिंक्य व्हायचं असेल, तर दुसरा मार्गच नव्हता. ऑस्बोर्न यांना काय हवं होतं हे त्यांच्या खेळाडूंना माहीत होतं आणि ते त्यांच्यामागे उभे राहिले. अशा ठिकाणी बाहेरून निकाल देणाऱ्याला मी आधी विचारतो, तुम्ही त्यांच्या जागी काय मिळवायला निघाला असता?

तुमच्या दुसऱ्या मित्राच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते सोडायला नको. कोच चुकला म्हणून सामना आपोआप गेला नाही. चेंडू सुटल्यावरही टेकला २६ सेकंदांत ७४ यार्ड जायचं होतं, एकही टाइमआउट नसताना. अशा वेळी बचावाचा पहिला नियम, कुणालाही तुमच्या मागे जाऊ देऊ नका. लीरी मागे गेला. म्हणजे निर्णय चुकला, चेंडू सुटला, बचाव फसला, आणि या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागल्या. कुठल्याही एका ठिकाणी साखळी तुटली असती तर आज तुम्हाला ती क्लिप कुणी दाखवली नसती, आणि तो निर्णय मात्र तेवढाच चुकीचा राहिला असता.

त्या धावपटूबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. कॉलेजात शिकणारा मुलगा, त्याला सांगितलं तसा तो पळाला. चेंडू सुटणं ही त्याची चूक, हे तोही नाकारणार नाही. पण हातात चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्या माणसांत शिरणाऱ्या कुठल्याही खेळाडूकडून कधी ना कधी चेंडू सुटतोच. आणि तो ज्या वेळी सुटला, त्या वेळी चेंडू त्याच्या हातात असायलाच नको होता. आमच्याकडे असं झालं तर मी सगळ्यात आधी त्या मुलाशेजारी जाऊन बसेन.

या वादात लोक क्रिस्तोबाल यांचा २०१८ चा सामनाही काढतात. तेव्हा ते ओरेगनचे कोच होते, ३१-२८ नं पुढे असताना शेवटच्या मिनिटात असाच चेंडू सुटला आणि स्टॅनफर्ड जादा वेळेत ३८-३१ नं जिंकलं. तुमच्या मित्रानं तो दाखला दिलाच, तर त्या सामन्याचं घड्याळ, डाउन आणि टाइमआउट वेगळे मांडून बघा. एका सामन्याचा निकाल दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका.

एक करून बघा. पुढच्या शनिवारी सामना बघायला सगळे जमाल, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत पडद्याच्या खालच्या पट्टीकडे लक्ष द्या. उरलेले टाइमआउट तिथे संघाच्या नावाजवळ छोट्या रेघांनी दाखवतात, शेजारी डाउन आणि घड्याळ. संघ रचनेत उभा राहिला की स्नॅप होण्याआधी प्रत्येकानं आपला निर्णय कागदावर लिहायचा: धाव, पास की गुडघा. मग प्ले बघायचा. चार-पाच सामने असं केलंत की कागद जमवून ठेवा आणि मला कळवा काय दिसलं ते.